किसन मास्तरांची पट्टी

प्रिय मिहिका आणि अथर्व,

मिहिका, तुझ्या शाळेच्या ऑर्केस्ट्राचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. सुरुवातीला एक मुलगी ओबोवर, त्या सनईसारख्या वाद्यावर, लांब स्वर धरते आणि बाकीचे सगळे आपापली वाद्यं त्या स्वराला लावतात. नंतर फोनवर तू विचारलंस, "आजी, पण तिचा स्वर बरोबर आहे हे कोण ठरवतं?" मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर अर्धं राहून गेलं असतं, आणि अथर्व मध्येच उठून गेला असता.

याच प्रश्नाने एकदा माझं काम अडवलं होतं. जागा होती हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारमधलं कापसाचं एक गोदाम. हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. गोदामात सात बँडवाले, एक रेकॉर्डिस्ट, एक संगीतकार आणि मी, असे आम्ही उभे होतो. हातात दोन दिवस होते. आणि मुंबईहून आणलेलं संगीत इथल्या संगीताशी जुळत नव्हतं.

संगीतकार म्हणजे दादाराव. दर दिवाळीला घरी येऊन तुमच्या आईच्या हातच्या चकल्या संपवणारे दादारावमामा. ते मूळचे शिरड शहापूरचे. विसाव्या वर्षी एक क्लॅरोनेट घेऊन मुंबईला आले आणि सेशन म्युझिशियन झाले. सेशन म्युझिशियन म्हणजे शिफ्टवर बोलावला जाणारा वादक. सकाळी नऊला स्टुडिओत जायचं, समोर आलेला कागद वाजवायचा, संध्याकाळी घरी. गाणं गाजतं, वादकाचं नाव कुठेच नसतं. मीही तेच काम करत होते, व्हायोलिनवर.

दादारावला सुरुवातीला नोटेशन वाचता येत नव्हतं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही. पहिल्या रिहर्सलला तो नुसता फुंकल्यासारखं करायचा आणि शेजाऱ्याचं ऐकायचा. दुसऱ्या रिहर्सलला सगळं बिनचूक वाजवायचा. वादकांचे कागद लिहिणाऱ्या एका अरेंजरला संशय आला. त्याने रिहर्सल झाल्यावर दादारावच्या स्टँडवरचा कागद गुपचूप उलटा ठेवला. दादारावने तो उलटा कागद बघत अख्खं गाणं बरोबर वाजवलं. पुढे जेवणाच्या सुट्टीत मी त्याला नोटेशन शिकवलं. आठ महिन्यांत तो वाचायला लागला. माझ्याकडे वीस वर्षांत इतका चांगला विद्यार्थी दुसरा आला नाही.

नव्वदच्या दशकात कीबोर्ड आला आणि आमच्या शिफ्ट कमी होत गेल्या. वीस व्हायोलिन्सच्या जागी सहा, मग दोन, मग एक माणूस आणि एक मशीन. अशा दिवसांत दादारावला पहिला सिनेमा मिळाला, वादक म्हणून नव्हे, संगीतकार म्हणून. निर्माते उत्तमराव हे जवळा बाजारचे कापसाचे व्यापारी. सिनेमा तिकडच्याच एका तांड्यावरच्या मुलीचा होता. ती नर्सिंग शिकायला निघते. शेवटी ती एसटीत बसते, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाच्या लग्नाहून परतणारा बँड रस्त्यात वाजवत असतो. तीन मिनिटांचा सीन. त्यात संवाद नाही, फक्त संगीत.

दादारावला त्यात दोन गोष्टी हव्या होत्या. बारा व्हायोलिन्स आणि किसन मास्तरांचा बँड. किसन मास्तर म्हणजे त्याचे गुरू. शिरड शहापूरच्या बुद्धविहाराच्या ओट्यावर त्यांनीच त्याला क्लॅरोनेट धरायला शिकवलं होतं. उत्तमरावांना बँडची गरज वाटत नव्हती. "काहून येवढी तकलीफ घेता? कीबोर्डात अख्खा बँड येतो म्हणतेत," असं ते म्हणाले होते. शेवटी ठरलं ते असं: दोन दिवस बँडला द्यायचे. जमलं तर ठीक. नाही तर मुंबईला परत जाऊन कीबोर्डवर बँड वाजवायचा. रेकॉर्डिंगचं मशीन तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कामाला जाणार होतं, त्यामुळे मुदत वाढण्याची सोय नव्हती.

मी दादारावची असिस्टंट होते. तो गुणगुणायचा, मी लिहायची. माझं काम शिस्तीचं असतं हे तुम्हाला माहीत आहे. मी किसन मास्तरांना आधीच पत्र पाठवून अकरा प्रश्न विचारले होते. वाद्यं किती, कोणती, पट्टी कुठली, वगैरे. पट्टी म्हणजे हार्मोनियमची कुठली पट्टी सा धरून वाजवायचं ते. उत्तर आलं, काळी पाच. मी त्याप्रमाणे बारा व्हायोलिन्सचं नोटेशन लिहिलं आणि मुंबईत ते रेकॉर्डही झालं. त्या दिवशी तिसरा टेक उत्तम झाला होता. दादारावने चौथा मागितला. कारण विचारलं तर म्हणाला, "काही न्हाई ताई, पुन्हा एकदा ऐकायचं होतं." वीस वर्षं तो मागच्या रांगेत बसून दुसऱ्यांचं संगीत वाजवत आला होता.

गोदामात चारी बाजूंनी कापसाच्या गाठी होत्या. आमचा रेकॉर्डिस्ट नेल्सन खूश झाला. आवाज घुमू नये म्हणून स्टुडिओच्या भिंतींत कापूस भरतात, आणि इथे तर भिंतीच कापसाच्या होत्या. बँड जीपमधून आला. सगळ्यांनी युनिफॉर्म इस्त्री करून घातले होते, टोप्यांसकट. आम्ही फक्त आवाज घेणार आहोत हे मी सांगितलं. किसन मास्तर म्हणाले, "व्हय, पण आमी तं दिसतोच ना एकमेकाला."

बँडवाल्यांच्या कानाला हेडफोन लावले. त्यात मुंबईची व्हायोलिन्स ऐकू येत होती. त्यावर बँड वाजू लागला आणि दहा सेकंदांत दादारावने हात वर केला. बँड व्हायोलिन्सपेक्षा चढा होता. एक अख्खा स्वर चढा असता तर मी बँडला पट्टी बदलून दिली असती. पण तो काळी पाच आणि पांढरी सातच्या बरोबर मधोमध होता. हार्मोनियमवर त्या जागी पट्टीच नाही.

मी माझ्या व्हायोलिनच्या डब्यातून ट्यूनिंग फोर्क काढला. हा चिमट्यासारखा स्टीलचा काटा असतो. आपटला की एकच ठरलेला स्वर देतो. मी तो वाजवून दाखवला आणि मास्तरांना म्हटलं, जरा खाली या. मास्तरांनी क्लॅरोनेटचे सांधे थोडे ओढून लांब केले. खालचे स्वर जुळले, वरचे आणखी बिघडले. मग त्यांनी ते पुन्हा नीट बसवलं.

"मॅडम, हे माझ्या आज्याचं हाय," ते म्हणाले. "निजामाच्या फौजेचा बँड मोडला तवा घेतलेलं. बाकीची बी तिथलीच. आमी सातीजण एकमेकाशी बराबर लागलेलो हाव. तुमचा काटा एकटा हाय."

जुन्या फौजी बँडची वाद्यं चढ्या स्वराचीच बनवत असत. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पत्रातल्या अकरा प्रश्नांत मात्र ते विचारलं नव्हतं. चूक बँडची नव्हती, माझी होती. मी तसं मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "चालतंय," आणि चहा मागवला.

नेल्सनने उपाय काढला. मशीनवर एक बटण होतं. ते फिरवलं की टेप जलद धावते आणि स्वर वर चढतो. त्याने व्हायोलिन्स बँडइतकी चढवली. बँडने त्यावर वाजवलं. मग सगळं मिळून पुन्हा मूळ वेगाला आणलं. आता दोन्ही एकत्र खाली आले, आणि सीनची लांबीही बरोबर राहिली. दुपारपर्यंत काम झालं. सगळं स्वरात होतं. नेल्सनने माझ्याशी हात मिळवला. उत्तमरावांनी जिलेबी आणायला माणूस पाठवला.

दादारावने हेडफोन किसन मास्तरांच्या कानाला लावले. मास्तरांनी डोळे मिटून तीन मिनिटं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "चांगलं वाजवलंय. कुठला बँड हाय हा?"

नेल्सन हसला. त्याला ती थट्टा वाटली. पण मास्तरांना खरंच वाटलं होतं की आम्ही नमुना म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी ऐकवतोय. खाली आणल्यावर बँड थोडा सुस्तावला होता. क्लॅरोनेटची धार गेली होती. एरवी मला ते कळलंही नसतं.

दादारावने तेच दोनदा स्वतः ऐकलं. मग हेडफोन काढून ठेवले.

"आता काय झालं?" उत्तमराव म्हणाले. "जुळलं की."

"जुळलं. पण मास्तर त्यात न्हाईत."

"लोकाला काय कळतंय?"

"मास्तरला कळलं ना."

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, बारा व्हायोलिनं काढून टाकली तर?"

मला राग आला. ते नोटेशन मी दोन महिने लिहिलं होतं. वाजवणारे सगळे माझे जुने सोबती होते, आणि त्यातल्या काहींना वर्षभरात दुसरी शिफ्ट मिळालेली नव्हती. त्यांना मी काय सांगणार होते? हे मी बोलून दाखवलं. दादारावने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी सांगतो त्यांना. माझंबी पहिलंच हाय ताई." त्या बारा व्हायोलिन्सची त्याने माझ्यापेक्षा जास्त वर्षं वाट पाहिली होती.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुमचं एक व्हायोलिन मास्तरांच्या सुरात चढतं का?"

चढतं. क्लॅरोनेटचं भोक हलवता येत नाही, पण तार पिळता येते. मात्र नव्याने चढवलेली तार हळूहळू परत उतरते. म्हणून मी संध्याकाळीच ती चढवून ठेवली. उत्तमराव जिलेबी न खाता घरी गेले. जाताना एवढंच म्हणाले की उद्या चारला मशीन जीपमध्ये चढणार, मग तुम्ही कुठेही असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोर्क डब्यातच राहू दिला. किसन मास्तरांनी एक लांब स्वर धरला. मी त्याला माझी तार लावली. ती उतरली, पुन्हा लावली. असं अर्धा तास चाललं. मास्तर दर वेळी तितक्याच शांतपणे तो स्वर देत होते. वय सत्तरीच्या आसपास, पण दम कुठे तुटला नाही.

आता अडचण वेळेची होती. व्हायोलिन्सची टेप नसल्यामुळे बँडला धरून चालायला काही नव्हतं. संगीत बरोबर एसटी वळणाआड जाते तिथे संपायला हवं. मुंबईत आम्ही अशा वेळी कानात टिकटिक लावतो. इथे ती लावली तर बँड कवायतीसारखा वाजायला लागला. दादारावने टिकटिक बंद करायला सांगितली आणि मास्तरांना अडचण समजावली.

मास्तरांना ती अडचणच वाटली नाही. "नवरदेव घोड्यावरून उतरत नसला तं आमी गाणं लांबवतोच की. मंडप लवकर आला तं आखडतो. तुमची यष्टी सुटस्तोवर वाजवू. तू फक्त नवरदेव कुठवर आला ते दाखव."

दादाराव हातात स्टॉपवॉच घेऊन बँडसमोर उभा राहिला. वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या हाताकडे बघत वाजवत आला होता, त्यामुळे कुठला हात वादकाला कळतो आणि कुठला नुसता शोभेचा असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कोपर जरा वर गेलं की बँड ओळ पुन्हा घ्यायचा. तळवा खाली आला की आवरायचा. पहिला टेक चार सेकंद आधी संपला. दुसऱ्यात मी चुकले, तार उतरली होती. तिसरा टेक एक सेकंद जास्त झाला, आणि तेवढं एडिटर सांभाळून घेतो. शेवटी मास्तर एकटे उरले होते आणि मी त्यांच्या स्वरात स्वर मिळवून थांबले. तोवरच्या कामात मी इतकं सुरात कधी वाजवलं नव्हतं, आणि फोर्कप्रमाणे मी पूर्ण बेसूर होते.

दादारावने तो टेक मास्तरांना ऐकवला. उत्तमराव तोवर आले होते, दारात उभे होते. मास्तरांनी अर्ध्यातच हेडफोन काढला आणि मागे वळून ढोलवाल्याला म्हणाले, "तू दुसऱ्या ओळीला घाई केली."

उत्तमरावांनी कीबोर्डचं नाव पुन्हा काढलं नाही. मशीन साडेतीनला जीपमध्ये चढलं.

सिनेमा हिंगोलीत आणि आसपास काही आठवडे चालला, मुंबईत आलाच नाही. पण तो शेवटचा सीन ज्या लोकांनी पाहायला हवा होता त्यांनी पाहिला, आणि दादारावला पुढचं काम त्यावर मिळालं. त्यानंतर त्याने नऊ सिनेमे केले. प्रत्येक वेळी तो आधी त्या गावी जाऊन तिथली वाद्यं ऐकायचा आणि मगच मला कागद काढायला सांगायचा. बारा व्हायोलिनवाल्यांना त्याने ठरल्याप्रमाणे स्वतः भेटून सांगितलं. दुसऱ्या सिनेमात त्यातल्या अकरा जणांना बोलावलं. बारावे तोवर गोव्याला निघून गेले होते.

मी माझ्या यादीत बारावा प्रश्न घातला: तुमची वाद्यं कशाला लावलेली आहेत? आधी तो विचारला असता तर दोन महिन्यांचं नोटेशन वाया गेलं नसतं. हे रेकॉर्डिंग मात्र झालं नसतं.

आता त्या सिनेमाची प्रिंट कुठे मिळत नाही. किसन मास्तर गेले आणि बँडही मोडला. क्लॅरोनेट त्यांच्या मुलीकडे शिरड शहापूरला आहे, वाजण्याच्या स्थितीत. आणि नेल्सनने काढून दिलेली त्या टेकची एक सीडी माझ्या कपाटात आहे. तीन मिनिटं एक सेकंद. ती अजून चालते.

तुमची आजी