मात्सुएच्या बसमध्ये ओरडता येत नाही

माझा आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात नाटक असलं की मला कुणी माइक देत नाही, आणि घरी मी रागावले की शेजारचा अमेरिकन ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचं थांबवून आमच्या खिडकीकडे बघतो. बघू दे. पोटात एक आणि ओठांवर एक, हे मला जमत नाही.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात मी जपानला गेले ती रागवायलाच. मेडिकलची हातात आलेली सीट वर्षभर पुढे ढकलून लेक तिथल्या मात्सुए नावाच्या गावात शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवत होती. निम्म्याहून जास्त वर्ष सरलं तरी परतीचं नाव नाही. फोनवर विचारलं की, "वी'ल टॉक, आई." मंडळातल्या एका मैत्रिणीनं मलाच सुनावलं, "तूही आईला सोडून आलीसच की." अहो, मी डिग्रीसाठी घर सोडलं. ही डिग्री सोडून निघाली होती.

ओसाकाला लेक घ्यायला आली होती, आणि पुढे जायला तिनं बसची तिकिटं काढून ठेवली होती. ट्रेन असताना बस कशाला, तर म्हणे सीनरी छान आहे. सीनरी कसली, बोगद्यामागून बोगदे. ड्रायव्हरच्या हातात पांढरे मोजे, आणि भरलेली बस इतकी गप्प की पर्सची चेन उघडली तरी आपण चोरी करतोय असं वाटावं. मी नेहमीच्या आवाजात "मेथीचे पराठे आणलेत, खातेस का?" असं विचारलं, तर ही बाई पुढच्या-मागच्या लोकांना वाकून 'सुमिमासेन, सुमिमासेन' म्हणत माझ्या वतीनं माफी मागायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी दारं आपटून खोलीत जाताना हिनं मला कधी सॉरी म्हटलं नव्हतं.

मग एका लांबलचक बोगद्यात समोर बघत ती हळूच म्हणाली, "आई, आय साइन्ड फॉर अनदर इयर. आय गेव्ह अप द सीट."

मी तोंड उघडलं. तिनं माझं मनगट धरलं. "प्लीज. नॉट हिअर."

तेव्हा मला बसचं कारण कळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मी कुजबुजत भांडले. रागात कुजबुजून बघा एकदा, घसा सोलवटून निघतो. "इथे आहे कोण तुझं?" मी विचारलं.

"नोबडी. पण इट्स क्वाएट, आई. इथे मला बरं वाटतं."

शांत आहे म्हणे! शांततेसाठी कुणी डॉक्टरकी सोडतं? पण ती खिडकीशी होती, मी वाटेत. उठून जायची सोय नव्हती, आपटायला दार नव्हतं. मी विचारत गेले आणि ती उत्तरं देत गेली. एकाही उत्तरात परत यायची गोष्ट नव्हती.

गाव खरंच निवांत होतं. मोठं तळं, रिकामे रस्ते, आणि तिच्या खोलीच्या भिंती इतक्या पातळ की शेजाऱ्याची शिंक ऐकू यावी. तिथेही ओरडता आलं नाही. सगळा राग मी तसाच परत आणला.

शिकागोच्या एअरपोर्टवर नवरा घ्यायला आला होता. गाडीचं दार लावलं आणि मी सुरू झाले. "ती येत नाहीये. सीट सोडली तिनं, कळतंय का तुला?"

त्यानं वायपर चालू केले. "माहीत आहे. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगलाच बोलली ती माझ्याशी."

"आणि मला नाही सांगितलंत? दोघांनीही?"

"तू ओरडली असतीस," तो म्हणाला.

काचा बंद होत्या, गाडी आमची होती, ऐकायला परकं कुणी नव्हतं. नेपरव्हिल येईपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. त्या दोघांना हवं होतं तसंच झालं, आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आला.