टीव्हीवरचा डाग आणि आमचे काका

आमच्या काकांना प्रत्यक्ष देव भेटला असता, तर नमस्कार करायच्या आधी त्यांनी त्याच्या पीतांबराचा काठ उलटा करून बघितला असता आणि एखादी तार सुटलेली दिसली, तर ती कोणाच्या हातून सुटली हेही त्याला सांगितलं असतं. हे काका म्हणजे माझ्या वडिलांचे मावसभाऊ. उधन्याला एका लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, ते कापड तपासायचे. मागावरून उतरलेला तागा टेबलावरून ओढत न्यायचा आणि दोष दिसला की खडूने गोल करायचा, अख्ख्या ताग्यात एकही नसला तर "फ्रेश माल" म्हणून पुढे सोडायचा, एवढंच त्यांचं काम. पण एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले? दोष कोणी केला आणि त्या वेळी त्याच्या मनात काय चाललं होतं, इथपर्यंत ते जायचे. "इथं त्याला डुलकी लागली. इथं चहा आला. आणि इथून पुढे हातभर कापड त्याने बायकोशी भांडून आल्यावर विणलंय," असं ते भर खात्यात नाव घेऊन सांगत. ज्याचं नाव घेतलं तो माणूस मान खाली घालून उभा असे, कारण तो खरोखरच भांडून आलेला असे. खात्याचे गुजराती शेठ म्हणायचे, "काका, तमे तो पोलीसमां होवा जोईए."

त्या दिवसांत आमचं काय होतं, तेही सांगते. अमळनेरकडून आलेलो आम्ही पाच माणसं एका खोलीत राहत होतो. माझे वडील, अण्णा, लूमवर बारा बारा तास उभे असत. माय घरी साड्यांचे गठ्ठे आणून त्यांना टिकल्या लावायची. पाणी खालच्या नळाचं, तेही भांडून मिळालं तर. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून अभ्यास करायचे, कारण तिथला दिवा मालकाचा होता आणि कोणी विझवत नसे. मी कॉलेजात गेले हे आमच्या अख्ख्या नात्यात पहिल्यांदा घडत होतं. ते मला माहीत होतं आणि मी ते कोणाला विसरूही देत नव्हते.

काका सुट्टीच्या दिवशी यायचे. कानामागे खडू, गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग. आले की आधी आमचे पडदे, मग माझी ओढणी, मग मायने लावलेल्या टिकल्या, अशी सगळ्यांची तपासणी व्हायची. एकदा दवाखान्यात ताप घेऊन गेले, तर डॉक्टर आत येईपर्यंत यांनी पडद्यावर तीन गोल करून ठेवले होते. एका लग्नात नवरीच्या साडीकडे बघून, "ही आमच्या सात नंबरच्या मागावरची, ह्यात दोन तारा कमी आहेत," असं त्यांनी वरमायला सांगितलं. ते लग्न झालं खरं, पण काकांना जेवायला अगदी शेवटच्या पंगतीत बसवलं. तिथे त्यांनी पुरी उजेडाकडे धरून बघितली, असं माय शपथेवर सांगते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना माझी सोयरीक जमली. मुलगा कडोदऱ्याचा, पलसाण्याला रंगाईच्या कारखान्यात कामाला. साखरपुडा झाला आणि लग्नात द्यायचा म्हणून अण्णांनी रंगीत टीव्ही आणून ठेवला. आणला त्या दिवशी तो सगळ्या मजल्याने बघितला, काकांनी तर पडद्याला नाक लावून बघितला. मग मायने निळ्या मखमलीचं कव्हर शिवून त्याला घातलं. पुढे मी मुलाकडे निरोप धाडला, की लग्नानंतर शेवटचं वर्ष पूर्ण करीन. उलटा निरोप आला, की शिकायचं असेल तर माहेरीच शिकावं. साखरपुडा मोडला. तो निरोप ऐकला तेव्हा मी घरात एकटी होते. हाताशी होता तो स्टीलचा पेला मी भिंतीवर फेकून मारला. भिंतीचा पोपडा पडला आणि आवाज तीन खोल्यांपर्यंत गेला. हे मी तेव्हाही कबूल केलं होतं.

टीव्ही मात्र तसाच कव्हरात राहिला. कोणाला तो लावावासा वाटेना. सहा-सात महिने गेले. एका रविवारी अण्णाच म्हणाले, की आता आपणच बघू. वरच्या वस्तू काढून खिडकीत ठेवल्या, कव्हर उतरवलं आणि बटण दाबलं. बातम्या देणाऱ्या बाईंचा अर्धा चेहरा जांभळा आणि कान हिरवा. शेजारच्या गल्लीतला मेकॅनिक आला, दुरूनच बघून "पिक्चर ट्यूब गई, बेन" म्हणाला आणि निघून गेला.

अण्णांनी भिंतीच्या पोपड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पेला आधी टीव्हीला लागला असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. मी नाही म्हटलं, त्यांना पटलं नाही. ते ओरडले नाहीत. कॉलेजच्या शिक्षणाने माणूस एवढा रागीट होत असेल तर झालं तेवढं पुरे, एवढंच बोलले. शेवटच्या वर्षाचा फॉर्म मंगळवारपर्यंत भरायचा होता आणि त्यावर सही त्यांची लागत होती.

अशात काका आले. सगळं ऐकून घेतलं, टीव्हीकडे ढुंकूनही बघितलं नाही. "माले टीव्ही समजत नही, कापड समजस," म्हणाले आणि कव्हर मागितलं. ते जमिनीवर पसरलं, उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाला धरलं. मग भिंग डोळ्याला लावून इतका वेळ बघत बसले, की चहाला साय आली. कव्हरच्या वरच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, मखमल गोल दबली होती. त्या गोलाच्या कडेने गंजाचे बारीक ठिपके होते, सुईच्या टोकाएवढे.

काकांची नजर खिडकीत गेली. तिथे जुन्या स्पीकरमधून काढलेलं जाड, तेवढंच गोल चुंबक होतं, सुयांनी भरलेलं. त्यांनी टीव्ही लावायला सांगितला आणि ते उचलून पडद्यासमोर धरलं. हात डावीकडे गेला की रंग डावीकडे पळाले, उजवीकडे आला की उजवीकडे.

"हाऊ डाग माराना नही," काका म्हणाले, "ठेवाना शे."

अण्णांनी विचारलं, "कोनी ठेवा?"

आता नाव येणार, म्हणून मी तयारच होते. अख्ख्या खात्यासमोर नाव घेणारा हा माणूस. काकांनी खडू कानामागून काढला, बोटांत फिरवला आणि परत कानामागे ठेवला.

"कापड तेवढं नही सांगस," ते म्हणाले आणि सायीसकट चहा पिऊन टाकला.

ते चुंबक अण्णांनीच आणलं होतं. कामाला जाण्याआधी ते रोज वाकून अख्ख्या खोलीत ते फिरवायचे, मायच्या टिकल्यांच्या कामातल्या पडलेल्या सुया गोळा करायचे, कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून. आणि मग कोणाचा हात लागणार नाही अशा उंच जागी ठेवायचे. कव्हर घातलेल्या टीव्हीवर. सहा-सात महिने, रोज, इतक्या सवयीने की ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

अण्णांनी चुंबक काकांच्या हातातून घेतलं. "हाई मन्हं काम शे," शेवटी म्हणाले. माय हसली. मग अण्णा हसले. मी मात्र रडले, कशाला ते मलाही कळलं नाही. मंगळवारी सकाळी पाळीवरून आल्या आल्या त्यांनी विचारलं, सही कुठं करायची.

चुंबक दारामागच्या खिळ्यावर गेलं. टीव्ही रोज चालू-बंद होत राहिला आणि दर वेळी पडद्यात उतरलेलं चुंबकपण थोडं पुसलं जाऊन डाग हळूहळू विरत गेला. कोपऱ्यात थोडी जांभळी झाक राहिली, ती आम्ही कौतुकाने पाहुण्यांना दाखवायचो. काका ती कधीच दाखवू देत नसत. समोर उभे राहून झाकायचे.

पुढे त्यांचे डोळे अधू झाले आणि ते गावी गेले. माझ्या पदवीचा कागद घेऊन मी तिकडे गेले, तेव्हा ओट्यावर बसले होते. गळ्यात भिंग होतंच. कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरला, कडेवरून बोट फिरवलं. त्यांना त्यातलं किती दिसलं, कोण जाणे. हात सवयीने कानामागे गेला. तिथे आता खडू नव्हता.

"फ्रेश माल," म्हणाले आणि घडी न घालता कागद परत दिला.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर.