घाटात लागणारा दिवा

डायनामोकाका बॉनेट उघडण्याआधी गाडी हुंगत असत. पुढच्या जाळीशी वाकायचं, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. "वायर जळेल हाय." किंवा, "बॅटरीचं पाणी उतू गेलं." निकाल बहुतेक वेळा बरोबर निघे. चुकला, तर ड्रायव्हरनं डोक्याला लावलेल्या वासाच्या तेलानं आपलं नाक फसलं, असं ते चारचौघांत सांगत. स्वतःची चूक कबूल करण्याचा गुण त्यांच्यात नव्हता. पुढे जे झालं त्यात त्यांची चूक नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. बुलढाण्यात उलट सांगणारे अजून आहेत.

बस स्टँडच्या मागच्या रस्त्यावर आमचं स्पेअर पार्टचं दुकान आणि काकांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान, दोघांत एकच भिंत. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा मी डोणगावहून लग्न होऊन या घरात आले. सासऱ्यांचे गुडघे गेलेले, नवरा ट्रकवर, म्हणून काउंटरवर मला बसवलं. बाई स्पेअर पार्ट विकते याची रस्त्यावर काही दिवस चर्चा झाली. मग माल जागच्या जागी सापडू लागला आणि चर्चा संपली. काका पहिल्याच दिवशी येऊन म्हणाले, "सूनबाई, नाव समजलं नाही तर विचारजो. अंदाजानं पार्ट देऊ नको. अंदाजानं फक्त भाजीत मीठ टाकाव." हा नियम मी आजही नव्या नोकराला पहिल्या दिवशी सांगते.

गाडीतली वीज मला त्यांनीच शिकवली. लाल वायर म्हणजे सासू, कायम जागी आणि कायम गरम. काळी म्हणजे सून, कोणी काही आणून टाकलं तरी पोटात घेते आणि जमिनीला देते. दोघींची थेट गाठ पडली की भडका. म्हणून मध्ये काहीतरी काम ठेवायचं, बल्ब म्हणा, हॉर्न म्हणा. हे सगळं ते माझ्या सासूबाईंच्या देखत सांगत आणि वर विचारत, "काय वहिनी, बराबर हाय ना?" सासूबाई आत निघून जात.

दोन वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या दिसल्या की त्यांचं डोकं फिरे. "पिळलेला जोड म्हनजे लग्नातली ओळख. गाडी रस्त्याले लागली का सुटली." ते प्रत्येक जोड कथलाचा डाग देऊन पक्का करत आणि वायरींचा जुडगा मेणाच्या दोऱ्यानं बांधत. दुसऱ्या कोणी केलेलं काम समोर आलं की आधी त्या माणसाचा उद्धार आणि मग दुरुस्ती. गिऱ्हाइकाचीही सुटका नव्हती. एका जीपवाल्याला त्यांनी सांगितलं होतं, "तुही गाडी चालते हा तिचा चांगुलपना हाय. तुह्या अकलेवर असती तर कवाच बसली असती." जीपवाला हसला, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच आला. हात चांगला होता तोवर लोकांनी जीभ सोसली. तेव्हा मला वाटायचं, लोकांना त्यांची जीभ आवडते.

इसनाथभाऊ टॅक्सी चालवत. मलकापूर स्टेशनवर उतरलेली माणसं भरायची आणि राजूर घाट चढून बुलढाण्याला आणायची, हा त्यांचा धंदा. गाडी जुनी. उन्हाळ्यात भरलेली गाडी घाटातल्या मोठ्या वळणाला पोचली की रेडिएटरचं पाणी उकळायचं. प्रवासी खाली उतरून रुमालानं वारा घेत उभे राहायचे आणि मागच्या टॅक्स्या हॉर्न वाजवत पुढे जायच्या. इसनाथभाऊंना त्या हॉर्नचा फार राग होता.

काकांनी गाडी हुंगली आणि सांगितलं, इंजिनाला दोष नाही, याला पुढून वारा पाहिजे. भंगारात आलेल्या एका परदेशी गाडीचा विजेवर चालणारा पंखा त्यांनी कधीपासून राखून ठेवला होता. तो रेडिएटरच्या पुढे बसवला. पंखा वीज फार ओढतो. ती सगळी बटनातून नेली तर बटन वितळतं. म्हणून मध्ये रिले टाकला. बटनानं रिलेला खूण करायची, रिलेनं पंख्याला वीज सोडायची. इंजिनाच्या माथ्यावर, पाण्याच्या वाटेत, त्याच परदेशी गाडीतला उष्णतेचा खटका बसवला आणि त्याची वायर डॅशबोर्डवरच्या एका बारक्या दिव्याला दिली. पाणी तापलं की दिवा लागे, निवलं की जाई. फ्यूज, वायर आणि दिव्याची लाल काच माझ्या दुकानातून गेली.

पंखा आपोआप चालू होईल असं का केलं नाही, असं इसनाथभाऊंनी विचारलं. काका म्हणाले, "डायनामो म्हातारा हाय. सांजच्याले लाईट अन् पंखा दोन्ही त्याच्या जिवावर टाकले तर बॅटरी बसन. कवा काय पायजे हे मानसानं ठरवायचं. नाहीतर मानूस कायले बसवला बे तिथं?" किल्ली देण्याआधी त्यांनी इसनाथभाऊंकडून पाठ म्हणून घेतला. दिवा लागला, बटन दाब. दिवा गेला, बटन सोड. माझ्यासमोर म्हणून घेतला, शाळेतल्यासारखा. त्या उन्हाळ्यात इसनाथभाऊंची गाडी घाटात एकदाही उभी राहिली नाही. मागून हॉर्न वाजवण्याची पाळी त्यांची आली.

दसऱ्याला स्टँडवर गाड्यांची पूजा होती. इसनाथभाऊंची आई झेंडूचे हार घेऊन आली. काका त्याच वेळी खटक्याची वायर तपासत होते. त्यांनी वायर लोखंडाला टेकवली आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. म्हातारीनं हात जोडले. तिनं रेणुकामातेचा एक फोटो आणला होता, तो तिनं बरोबर दिव्याच्या वर चिकटवला. दिवा देवीच्या पायाशी आला. दिसायला सुरेख दिसत होतं, हे खोटं कशाला बोला. काकाही हसले आणि प्रसाद घेऊन दुकानात गेले.

पुढे गंमत अशी झाली की हा दिवा सपाटीवर कधीच लागत नसे. लागे तो घाटात, त्या मोठ्या वळणाच्या आसपास. प्रवाशांनी ते पाहिलं आणि बोलणं पसरलं, की इसनाथच्या गाडीतली देवी अवघड जागी डोळा उघडते. दिवा लागला की माणसं हात जोडत, बायका लेकरांना जोडायला लावत. इसनाथभाऊ त्याच वेळी गुपचूप बटन दाबत, गाडी वर येई आणि सगळे देवीचं नाव घेत उतरत. मलकापूरला लोक इतर टॅक्स्या सोडून याच गाडीसाठी थांबू लागले.

काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी इसनाथभाऊंना दुकानात बोलावलं आणि फोटो वर काचेपाशी लावायला सांगितलं. इसनाथभाऊ म्हणाले, राहू द्या ना काका, लोकांची श्रद्धा आहे. काका म्हणाले, "श्रद्धा असू दे. इंजिनाची काय हाय थे पाह्य." फोटो हलला नाही. धंदा चांगला चालला होता, कोण हलवेल?

पुढच्या लग्नसराईत इसनाथभाऊंना कावीळ झाली. गाडी बसवून ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यांनी वरवट बकालहून मेहुण्याला बोलावलं. मेहुणा ट्रॅक्टर चालवणारा, हात बरा होता. एक-दोन फेऱ्या इसनाथभाऊंच्या शेजारी बसून त्यानं रस्ता पाहिला, आणि मग भाऊ अंथरुणाला लागले. दिव्याचं खरं काय ते त्याला घरात कोणी सांगितलं नाही. घरातसुद्धा तो देवीचाच दिवा होता.

मेहुण्याच्या एकट्याच्या पहिल्याच फेरीला गाडी तिसऱ्या प्रहरी ट्रकच्या मागे बांधून आली आणि थेट काकांच्या दारात उभी राहिली. इंजिन जाम. दिवा या वेळी घाटाच्या पायथ्यालाच लागला होता आणि वळणापर्यंत तसाच होता. तिथं एक मोठा आवाज झाला आणि सगळं थांबलं. स्टँडवरचे ड्रायव्हर गोळा झाले. इसनाथभाऊ शाल पांघरून, पिवळे डोळे घेऊन आले. मागून त्यांची आई आली. इसनाथभाऊ येताच म्हणाले, काका, तुमच्या वायरिंगनं माझी गाडी खाल्ली.

काकांनी गाडी हुंगली. वायर जळलेली नाही, म्हणाले. पाणी आटलं आणि लोखंड भाजलं. मग आत हात घालून त्यांनी बटन दाबलं. पंखा फिरला. सगळ्यांच्या देखत, चांगला भणभण फिरला. मी काउंटर सोडून दारात आले होते; मीही पाहिला.

"बटन काऊन नाही दाबलं?" काकांनी मेहुण्याला विचारलं.

मेहुणा बिचारा खरं बोलला. "बटन दाबलं का दिवा जाते, काका. भावजी दाबत तवा मी पाह्यलं ना. भरल्या गाडीत देवीचा दिवा म्या कसा विझवू?"

तो बटनाला दिवा विझवायचं बटन समजला होता. बटन दाबलं की पंखा फिरतो, पाणी निवतं, आणि म्हणून थोड्या वेळानं दिवा जातो, यातलं मधलं त्याला काही दिसलंच नव्हतं. त्यानं फक्त एवढं पाहिलं, की भाऊजी हात लावतात आणि देवीचा दिवा जातो. आपल्या हातून ते पाप नको म्हणून तो घाटभर बटनापासून हात लांब ठेवून बसला. गर्दीतला एक जण म्हणाला, बरोबरच केलं त्यानं. आणखी दोघांनी माना हलवल्या.

इथं काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण ते हसले. "मंग देवीपुढं नारळ फोडा. तिनं घाटभर डोये वटारले, अन् तुमी हात जोडत बसले."

कोणी हसलं नाही. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मागून कोणीतरी म्हणालं, देवीवर बोलतात हे. तेव्हा काकांच्या ध्यानात आलं, की आता प्रश्न गाडीचा राहिला नाही. त्यांनी हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाले, "इसनाथ, सांग त्याहिले. दिवा कायचा व्हता, तू सांग."

एक वाक्य पाहिजे होतं. ज्याच्या तोंडून ते लोकांना पटलं असतं असा माणूस गावात एकच होता आणि तो समोर उभा होता. इसनाथभाऊंनी आईकडे पाहिलं, ड्रायव्हरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिवा तुमीच लावला ना, काका."

खोटं काहीच नव्हतं त्यात.

त्यानंतर डायनामोकाकांचा हात अपशकुनी ठरला. त्यांनी हात लावला की गाडी भडकते, असं ड्रायव्हर एकमेकांना सांगू लागले. ज्यांच्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळल्या त्यांनीच. मी काउंटरवर प्रत्येकाला सांगत होते, बटनाचं, खटक्याचं, पंखा फिरला त्याचं. माणसं नीट ऐकून घेत, फ्यूज घेत आणि चिखली रोडला नवा वायरमन बसला आहे तो कसा आहे, असं मलाच विचारत. नवरा म्हणाला, तू कशाला बोलतेस, गिऱ्हाईक आपलंही तेच आहे. तरी मी बोलत राहिले. काही उपयोग झाला नाही. खरं सांगितलं की लोकांना पटतं, हे मी माहेरून शिकून आले होते. बुलढाण्यात ते विसरावं लागलं.

काकांची जीभ आणखी कडू झाली, पण ऐकायला गिऱ्हाईक नव्हतं. ते थ्रेशरच्या मोटारी आणि पिठाच्या गिरण्यांची कामं करू लागले. एकदा काउंटरवर फ्यूज हातात फिरवत म्हणाले, "सूनबाई, हे कायले जळते, माहीत हाय? बाकीचं वाचाव म्हनून. मले फ्यूज केलं यायनं." मी म्हटलं, काका, चहा सांगू का? ते म्हणाले, सांग.

शेवटी दुकान बंद करून ते मुलीकडे खामगावला निघाले. मी स्टँडपर्यंत गेले. इसनाथभाऊंनी एव्हाना दुसरं इंजिन टाकलं होतं. पुढचा पंखा काढून टाकला होता, आणि देवीच्या पायाशी नव्या वायरमनकडून दिवा थेट बॅटरीवर जोडून घेतला होता. तो आता दिवसभर लागलेला असे.

इसनाथभाऊ आले, वाकून पाया पडले आणि अवजारांची लोखंडी पेटी उचलायला लागले. उचलता उचलता कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "काका, मले मालूम हाय."

"तुले मालूम हाय हे मले पयलेपासून मालूम हाय," काका म्हणाले. "त्याहिले सांग."

निंबाखाली ड्रायव्हर बसले होते. नेहमीचेच, सगळे. इसनाथभाऊंनी तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील.

"बस सुटून राह्यली, काका," ते म्हणाले, आणि पेटी खांद्यावर घेऊन टपाची शिडी चढू लागले.

बसचा ड्रायव्हर अजून कँटीनमध्ये चहा पीत होता.