दाभोशाचे दगड ‘रिअरेंज’ झाले

मैत्रिणींनो, आज सकाळी साडेनऊला दाभोसा गावात ग्रामपंचायतीच्या सुशोभीकरणाच्या नावाखाली आमच्या पूर्वजांचे दगड उंचीप्रमाणे लावले गेले.

आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावाचा दगड आधीच्या दगडाशेजारी बसवतात. सगळे नदीतले गोटे, अक्षर एकावरही नाही. जागा हीच ओळख. जव्हार संस्थान विलीन झालं त्या वर्षी वडील गेले. त्यांचा फोटोही नाही.

“मॅडम, फक्त रिअरेंज केलंय,” ठेकेदार म्हणाला.

“रिअरेंज खुर्च्या करतात. त्या पुन्हा होत्या तशा मांडता येतात. हे मांडून दाखव!”



थोरली बहीण प्रत्येक दगड चाचपत होती. “बाय, आपला बा कोनता गं?”

तिच्या पिशवीत वडिलांच्या दगडापुढे फोडायला आणलेला नारळ होता.

ग्रामपंचायतीने शुक्रवारी पाचच्या आत लेखी कळवावं: तिने नारळ कुणापुढे फोडायचा?