दादाचा कॉम्प्लिकेटेड

ये गं, अशी जवळ बस. किती वाळलीस! आणि आल्यापासून बघतेय, काही विचारलं की कॉम्प्लिकेटेड म्हणतेस आणि मोकळी होतेस. असं करू नये. तुम्हा आजकालच्या पोरींना तो शब्द फुटाण्यासारखा, मला मात्र ऐकला की अजून तोंड कडू होतं.

आमच्या घरात तो आणला माझ्या थोरल्या भावानं, संगमनेरच्या कॉलेजातून. विहिरीवरचं इंजिन बिघडलं तरी कॉम्प्लिकेटेड, बांधावरचं भांडण तरी कॉम्प्लिकेटेड. वडील कौतुकानं मान हलवायचे. आई तर आमटीत मीठ जास्त झालं की म्हणायची, "आज लई काम्प्लिकेट झालंय, गप जेवा."

दुष्काळाच्या आदल्या साली ताई, माझी मोठी बहीण, दिवाळीला माहेरी आली. सासर राजूरच्या वरच्या अंगाला. आमच्यात लेक आपल्या पायानं परत सासरी जात नसे, तिकडचं माणूस न्यायला यावं लागे. संक्रांत झाली तरी कुणी येईना. मग दादा चौकशीला जाऊन आला. पडवीत पाय धुता धुता म्हणाला, "मॅटर जरा कॉम्प्लिकेटेड आहे. थांबावं लागेल."

"म्हंजी काय, दादा?" ताईनं विचारलं.

"गुंतागुंतीचं गं. तुला नाही कळायचं."

गुंता आहे तर सुटेल, असं धरून ती थांबली. त्यातच शाळेतल्या बाई घरी आल्या. नगरला नर्सिंगला जागा होती, ताई सातवी पास होती, नीट शिकेल असं त्या आईला परोपरीनं सांगत होत्या. ताई म्हणाली, मी तिकडं गेले आणि मागनं न्यायला आले तर? बाई दादाकडं बघत राहिल्या. दादा ओटीवर बसून पेपर वाचत होता. जागा दुसरीला गेली.

पुढल्या साली आम्ही दोघी दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. राजूरकडची एक बाई मला सहज बोलून गेली, तुमच्या दाजींची बायको पोटुशी हाय म्हणं. ताईचा हातोडा थांबला नाही.

घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तुला ठावं हुतं ना, दादा?"

"तसं सरळ सांगण्यासारखं नव्हतं गं ते."

नव्हतं कसं? नवऱ्यानं दिवाळीतच दुसरी आणली होती, एका वाक्याचं काम. पण दादाची सोयरीक ठरत होती, आणि घरात टाकलेली बहीण आहे म्हटल्यावर ती मोडली असती. पुढं मी आपली आपण वाचायला शिकले, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ पाहिला. पुष्कळ धागे एकमेकांत अडकलेले, असा काहीसा. ताईच्या गोष्टीत एकच धागा होता गं, आणि त्याचं टोक दादाच्या हातात होतं.

दादाचं लग्न थाटात झालं. ताईनं वऱ्हाडाला वाढलं.

आता ती माझ्याजवळच असते. कुणी आलं-गेलं तरी मान वर करत नाही. आज तुझा आवाज ऐकला आणि न सांगता उठून भाकरी टाकायला बसली, बघ. म्हणून म्हणते, पुन्हा यायला फार दिवस लावू नकोस. लवकर ये, राहायलाच ये.