पायलसाठी बघितलेली कंपनी

गोजराबाईंबद्दल विलासरावांना खरं तर फार थोडं माहीत होतं. मूळ गाव मराठवाड्यात कुठंतरी, मुलगा अंकुश, नात पायल नववीत, एवढंच. सानपाड्याच्या एकाच सोसायटीत राहूनही ओळख झाली ती उतारवयात. बाकावर बसलेल्या बाईंनी एकदा मोबाइल पुढे केला आणि त्यातलं इंग्रजी वाचून दाखवाल का भाऊ, असं विचारलं. तो एका कंपनीचा वार्षिक अहवाल होता. नफ्याचं पान त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. संचालकांत बायका किती, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्यांपैकी परत कामावर किती आल्या, तेवढंच त्यांना हवं होतं.

बाईंची सगळी नोकरी महाप्याच्या एका कारखान्यात, लाइनवर उभं राहून झाली. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं सुपरवायझर झाली. त्या शेवटपर्यंत लाइनवरच राहिल्या. आता ग्रॅच्युइटीच्या पैशातून पायलच्या नावाने शेअर घ्यायचे होते. उद्या पायलला जिथं मान मिळेल, अशाच कंपनीचे.

अहवाल पसंत पडला तरी बाई लगेच घेत नसत. शिफ्ट सुटायच्या वेळी थर्मास घेऊन त्या कारखान्याच्या गेटसमोर जाऊन बसत. अंकुश चिडवायचा.

"आई, शेअर घेतेयस का पायलला स्थळ बघतेयस?"

"स्थळच हाय," त्या म्हणायच्या. "पोरगी द्यायच्या आधी घर बघून येत्यात ना?"

विलासराव सोबत जाऊ लागले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. थंडीतल्या संध्याकाळी पारसिकचा डोंगर धुरकट होऊन तरंगल्यासारखा दिसे. गेट उघडलं की माणसं पाण्यासारखी बाहेर वाहत येत, आणि चहाचा घोट घेता घेता विलासरावांना वाटे, आपण एखाद्या नदीकाठी बसलो आहोत. कधी त्या गर्दीत एखादी उंच मुलगी दिसे. बाई नुसत्या "पायल अशीच दिसंल" म्हणत आणि ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहत.

एका कंपनीच्या अहवालात कामगारांमध्ये निम्म्या बायका होत्या. शेअर चढत होता, अंकुशने घाई लावली होती. गेटमधून बायका हसत बाहेर आल्या तेव्हा बाईंचाही चेहरा उजळला. पण समोर उभ्या असलेल्या कंपनीच्या बसमध्ये चढले ते जवळजवळ सगळे पुरुष. बायका धूळ चुकवत हायवेकडे चालू लागल्या. बाईंनी एकीला थांबवून विचारलं. आम्ही ठेकेदाराच्या, आम्हाला बस नाही, असं सांगून ती पुढे गेली.

थर्मासचं झाकण बाई कितीतरी वेळ फिरवत राहिल्या.

"मोजायच्या वेळी ह्या कंपनीच्या," त्या म्हणाल्या, "आनि बसच्या वेळी ठेकेदाराच्या. नाय भाऊ. माझी पायल ह्या रस्त्यानं चालनार नाय."

शेअर पुढे आणखी चढला. अंकुश काही दिवस धुसफुसत होता. बाई मात्र नव्याने अहवाल ऐकू लागल्या.

माघात एके दिवशी ते रबाळ्याला एका लहानशा कंपनीच्या गेटसमोर बसले होते. सगळे बाहेर पडल्यावर शेवटी एक मध्यमवयीन बाई आली, हातात शेडच्या किल्ल्या. दोन पुरुष उद्याच्या कामाचं तिला विचारत होते, ती चालता चालता सांगत होती. बस तिच्यासाठी थांबली होती. ती चढल्यावरच हलली. बस दिसेनाशी झाली तरी गोजराबाई तिकडेच बघत होत्या, आणि विलासरावांना वाटलं, त्या बसच्या खिडकीपाशी कुणीतरी नववीतली मुलगी बसलेली बाईंना दिसते आहे.

त्याच आठवड्यात पायलच्या नावाने शेअर घेतले गेले. मग बाई बहिणीकडे गावी गेल्या आणि तिकडेच, एका रात्री झोपेतच वारल्या.

त्या दिवशी रबाळ्याहून परतल्यावर सोसायटीच्या जिन्याशी त्या थांबल्या होत्या. थर्मास विलासरावांच्या हातात होता. त्यांनी तो पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी चहा तुमी आना. साखर कमी टाका."

"बरं," विलासराव म्हणाले.