मामा पडद्यावर बोलतात

तापीकाठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत ज्याचं लग्न मामांनी माइकवरून पुकारलं नाही, त्याचं लग्न कायद्याने झालेलं असेलही, पण आमच्या भागात ते कोणी मनावर घेत नाही. मामा म्हणजे माझ्या वहिनींचे सख्खे मामा. राहणार कळसाडीचे. शेतात कापूस आणि ऊस, म्हणून सरकारदरबारी ते शेतकरी. पण त्यांचा खरा धंदा, तोही बिनपगारी, लग्नात माइक धरण्याचा. हळद लागली की मामा मांडवात आणि नवरी गाडीत बसली की मामा घरी. कोण आलं, कोणत्या गावाहून आलं, कोणाचा कोण लागतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ज्या पाहुण्याचं नाव त्याच्या बायकोलाही नीट घेता येत नाही, त्याचं नाव मामा वडिलांसकट, आडनावासकट, 'श्रीमान'सकट घेणार. एरवी घरात अहिराणीशिवाय एक शब्द न बोलणारा हा माणूस माइक हातात आला की एकदम 'समस्त उपस्थित आप्तेष्टांचे' वगैरे बोलू लागतो. वहिनी म्हणतात, मामांच्या शर्टाच्या खिशात दोन भाषा असतात, एक बिडीसाठी आणि एक माइकसाठी.

आमच्याकडे लग्नात जेवण कमी पडलं तर माणूस चार दिवसांत विसरतो, पण नाव पुकारायचं राहिलं तर त्याची नातवंडंही विसरत नाहीत. मामांच्या हातून अशी चूक आयुष्यात एकदाच झाली. कोणाच्या तरी आत्याचे जावई राहून गेले. गृहस्थ जेवणाच्या ताटावरून उठले आणि तडक घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा त्यांच्या दारात हजर! ओट्यावर उभे राहिले, तिथला पाण्याचा तांब्या उचलून तोंडाशी धरला आणि त्या तांब्यातून त्या जावईबापूंचं नाव अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, गावासकट आणि गोतासकट, सन्मानपूर्वक पुकारलं. जावईबापूंना हसू आवरेना. रुसवा गेला, वर मामांना न्याहारी मिळाली. "नाव ऱ्हायनं ते मानूस ऱ्हायना, माय," हे मला त्यांनी तेव्हा सांगितलं होतं.

तर अशा माणसाचा आवाज गेला. गळ्यात गाठ निघाली, सुरतेला ऑपरेशन झालं. गाठ साधीच होती, पण डॉक्टरांनी बजावलं की बोलणं अगदी कमी करा. आवाज परत येईल, मात्र कधी आणि किती ते सांगता येत नाही. मामा घरी आले ते हातात शाळेतल्या पोरांची पाटी घेऊन. बोलायचं ते पाटीवर लिहायचे आणि फारच निकड असली तर कानाशी येऊन कुजबुजायचे. ती कुजबूजही अशी, की चक्कीचा पट्टा घासल्यासारखी. कळसाडीतल्या लोकांना गाव ओकंओकं वाटायला लागलं. मला तर वाटतं तिथली कुत्रीसुद्धा काही दिवस बावचळली असतील.

आणि नेमकं त्याच वर्षी मामांच्या धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा कोरीटचा, मुहूर्त वैशाखातला. आमच्याकडे नवरी निघताना मामा माइकवरून तिच्याविषयी दोन शब्द बोलतात. ही कोणाची, कशी वाढली, हिच्या जाण्याने कोणतं घर सुनं होणार, असं ते काही बोलतात आणि मांडवातल्या दगडालाही पाझर फुटतो. मुलाकडची माणसंदेखील उपरण्याने डोळे पुसतात आणि मग नवरीला सांभाळून नेतात. इतक्या लोकांच्या लेकींना मामांनी असं वाटेला लावलं, पण स्वतःच्या लेकीसाठी शब्द त्यांनी मनात जपून ठेवले होते. वहिनी समजुतीने म्हणाल्या, "मामा, तळोद्याहून दुसऱ्या कोणालातरी बोलवू." मामांनी पाटीवर एवढ्या जोरात लिहिलं की पेन्सिल मोडली. "मन्ही पोरले दुसरा कोन वाटे लावी?"

हल्ली लग्नात स्टेजशेजारी तो मोठा पडदा लावतात, त्यावर नवरा-नवरीचे फोटो फिरत असतात. असाच एक पडदा शहाद्याच्या एका लग्नात मामांनी पाहिला आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. मी शहाद्याला एका मारवाडी शेठच्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास चालवते. एके दिवशी धोतर, पांढरी टोपी, काखेत पाटी असे मामा जिना चढून आले, पहिल्या बाकावर बसले आणि पाटी माझ्यासमोर धरली: "माले पडदावर बोलनं शे. शिकाड."

आता शिकवण्याच्या बाबतीत मी कडक आहे, हे आधीच सांगून टाकते. एका स्लाइडवर पाच-सहा ओळींच्या वर नाही, दोनच रंग, हालचाल जपून; हे माझे नियम आणि ते मोडणाऱ्याला मी पुन्हा पहिल्यापासून करायला लावते. मामांनी पहिल्या आठवड्यात हे सगळे नियम मोडले, शिवाय मी केलेच नव्हते असेही काही मोडले. सुरुवात झाली कोऱ्या स्लाइडवरच्या रिकाम्या चौकटीपासून. इथे शीर्षक लिहा, असं सांगणारी ती चौकट. मामांनी तिच्या बाहेर, कडेकडेने, दाटीवाटीने मजकूर भरला. मी म्हटलं, "मामा, ही चौकट रिकामी का?" मामा कानाशी आले. "कोन्ही तरी जागा धरी ठेयेल शे ना." म्हणजे पंगतीत कोणी रुमाल टाकून जागा धरावी, तशी ती चौकट दुसऱ्या कोणासाठी राखलेली आहे आणि तिथे बसणं शिष्टाचाराला धरून नाही! ती जागा तुमचीच आहे, हे पटवण्यात माझा एक तास गेला. पटल्यावरही ते पहिल्यांदा तिथे लिहिताना जरा अवघडून बसले होते.

मग आलं अक्षरांचं माप. मी सांगितलं, शीर्षक मोठं, बाकीचं लहान. मामांनी माप लावलं नात्यावरून. जावई सर्वांत मोठ्या अक्षरात, त्याखालोखाल व्याही, मग मुलाचे मामा, मग आत्या, आणि कडेला मुंगीएवढ्या अक्षरात स्वतःचं नाव. एक व्याही रागीट, म्हणून त्यांचं नाव ठळक. रंग हळदीचा आणि कुंकवाचा, एकावर एक. त्या स्लाइडकडे दोन मिनिटं पाहिलं तर मळमळायचं. मी कपाळाला हात लावला की मामा पाटीवर लिहायचे, "लगीन शे, मयत नही."

सगळ्यात आनंद त्यांना झाला तो सगळ्या स्लाइड्स एकदम लहान लहान दिसतात ती सोय पाहून. माउसने उचलून कुठलीही स्लाइड कुठेही ठेवता येते हे कळलं, त्या दिवशी मामा जेवायला गेलेच नाहीत. त्यांनी प्रत्येक पाहुण्याची वेगळी स्लाइड केली होती, आणि आता त्यांची पंगत बसवणं सुरू झालं. ह्याला उठव, त्याला बसव. ह्यांचं त्यांच्याशी शेताच्या बांधावरून वाजलेलं, म्हणून मध्ये एक शांत स्वभावाची मावशी. मी विचारलं, "मामा, स्लाइडी भांडतात का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला संसारातलं काहीच कळत नाही. क्लासमधल्या बाकीच्या मुली आपापली कामं टाकून त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या आणि सल्ले द्यायच्या. माझा वर्ग म्हणजे लग्नघर झालं होतं.

पण आमची खरी जुंपली ती ॲनिमेशनवरून. स्लाइडवर ओळ हळूच उमटते, तो प्रकार मी दाखवला. मामांनी मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, "असा धुक्कामाईन कोनी येस का? मानूस दारमाईन येस." म्हणून प्रत्येक शब्द डावीकडून, दारातून आल्यासारखा, एकेकटा यायला हवा. एक शब्द आला, थांबला, बसला, मग दुसरा. मी समजावलं, रागावले, एकदा तर माउस काढून घेतला. म्हटलं, "अहो, लोक कंटाळतील. एक वाक्य संपायला इतका वेळ?" मामांनी माउस परत घेतला. शब्द कुठे थांबवायचा, किती थांबवायचा, हे ते डोळे मिटून, ओठ हलवत ठरवायचे. शेवटी मी हात टेकले. म्हटलं, लग्न त्यांचं, लेक त्यांची, हसं झालं तर तेही त्यांचंच. पण मनातून मला भीती वाटत होती. मामांना मांडवात कोणी हसलेलं मला बघवलं नसतं.

लग्नाच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन पडद्याच्या मागे बसले. मामा नव्या टोपीत, माइक नसल्यामुळे दोन्ही हातांचं काय करावं हे न कळून उभे. पाहुण्यांच्या स्लाइडी सुरू झाल्या. जावई एवढे मोठे आले की त्यांचं आडनाव पडद्याबाहेर गेलं. लोक हसले, पण प्रेमाने. आपलं नाव आलं की जो तो टोपी सारखी करायचा. रागीट व्याही तर स्वतःच्या नावासमोर उभं राहून फोटो काढून आले. इथवर निभावलं. मग धाकटी निघायला उठली आणि मामांनी मला खूण केली. ही शेवटची स्लाइड त्यांनी मला आधी दाखवली नव्हती.

पडद्यावर ना हळद होती ना कुंकू. पांढऱ्यावर काळी अक्षरं. 'समस्त' नव्हतं, 'श्रीमान' नव्हतं. डावीकडून एक शब्द आला आणि थांबला: 'हाई'. पुढच्या खुर्च्यांवर म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने शेजारणीच्या सुनेला विचारलं, "काय लिखेल शे व माय?" सून म्हणाली, "हाई." मग 'मन्ही' आलं. तिने वाचलं, तशी मागून आणखी दोघींनी वाचलं. 'धाकली.' आता पुरुषांच्या बाजूनेही आवाज आला. ज्यांना वाचता येत होतं ते ज्यांना येत नव्हतं त्यांच्यासाठी वाचू लागले आणि पाहता पाहता अख्खा मांडव एका सुरात बोलायला लागला. घरमा. कोनी. रुसनं. का. हाईच. समजाडे. मामांनी जिथे थांबायला लावलं तिथे सगळे थांबत होते, जिथे श्वास घ्यायला लावला तिथे घेत होते. ते थांबणं मी ओळखलं. ते मामांचं माइकवरचं थांबणं होतं. आते. मी. रुसनू. ते. माले. कोन. समजाडी?

शेवटचे शब्द फारसे ऐकू आले नाहीत, कारण वाचणाऱ्यांनीच पदर आणि उपरणी तोंडाला लावली होती. धाकटी धावत येऊन मामांच्या गळ्यात पडली. मीही पडद्यामागे मनसोक्त रडले; एका स्लाइडवर किती ओळी आणि किती हालचाल, असल्या गोष्टी मी त्या दिवसापासून मुलींना फार ताणून सांगत नाही.

लग्न झालं, आता मामा क्लास सोडतील असं मला वाटलं होतं. पण ते संध्याकाळचे येतातच. धाकटी कोरीटहून फोन करायची, पण फोनवर कुजबूज काही पोचत नाही. ती "बाबा, बाबा" करत राहायची आणि मामा नुसतेच फोन कानाला लावून बसायचे. म्हणून आता ते रोज एक स्लाइड करतात आणि तिच्या मोबाइलवर पाठवतात. त्यात काही विशेष नसतं. ऊस बरा शे. म्हैस व्याली. तुन्ही माय बाजारले गई. तेही एकेक शब्द, दारातून येणारा. ती पोचली, तिने पाहिली, अशी खूण दिसेपर्यंत मामा जागचे हलत नाहीत, चहा निवला तरी.

धाकटी मूळ लावल्यावर, म्हणजे तिला आणायला माणूस गेल्यावर, पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा दोन दुपारी माझ्याकडे येऊन गेली. "ताई, मालेबी शिकाड. पन बाबाले सांगू नको." मी कबूल केलं. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी क्लास बंद करत होते आणि मामांच्या मोबाइलवर कोरीटहून काहीतरी आलं. त्यांनी उघडलं. डावीकडून एक शब्द आला: 'बाबा'. थांबला. मग 'तू'. मग 'जेवना'. मग 'का?'

जेवलास का, एवढंच लेकीने मामांना विचारलं होतं. मग त्यांनी पाटी बाजूला ठेवली, खाकरले, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला माहीत होतं पण मी मध्ये पडले नाही, आणि त्यांनी ते चार शब्द मोठ्याने वाचले. आवाज फाटका होता, मध्येच तुटत होता, पण खालच्या दुकानात कापड मोजणारे शेठ जिन्याशी आले आणि त्यांनी विचारलं, "कौन बोला?"